चार वाजताची डाक

१० मार्च २०२५, सोमवार

पोचले एकदाची! वाशीमहून रिठदपर्यंत एसटीत खिडकी मिळाली. रिठदहून सावळदरीपर्यंतच्या ऑटोत मात्र मी, हरभऱ्याची दोन पोती, एक शिलाई मशीन आणि त्या मशीनला पोटाशी धरून बसलेला त्याचा मालक. उतरले तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की झटकली असती तर वांग्याचा एक वाफा सहज झाला असता. पण समोर इमारत दिसली आणि सगळा शीण पळाला.

काय देखणी आहे! काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, पुढे पाच कमानींचा व्हरांडा, कौलं बरीचशी शाबूत. मधल्या कमानीवर दगडात कोरलेलं १८९८. भिंतीतच बसवलेली लाल पत्रपेटी, तिच्या तोंडात चिमणीनं संसार थाटलाय. पोस्ट इथून २००९ साली हललं आणि आता ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत चालतं. रिकामी इमारत पंचायतीकडे आली. पंचायतीला ती पाडून बारा गाळे काढायचेत. त्याआधी इमारतीला वारसामूल्य आहे की नाही हे कोणीतरी लिहून द्यायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. सपना देवमन तायडे, वय एकतीस, जुन्या इमारतींची कंत्राटी सर्वेक्षक. अहवाल सव्वीस तारखेपर्यंत द्यायचाय.

राहायची सोय मागच्या दोन खोल्यांत, पूर्वी पोस्टमास्तर राहायचा तिथं. एक दार थेट पोस्टाच्या हॉलमध्ये उघडतं. पंचायतीचा शिपाई किसनसिंग, पन्नाशीचा, मिशा अशा की आधी त्या येतात आणि मग तो, त्यानं किल्ल्या दिल्या, माठ भरून ठेवला, मोरी दाखवली. जाताना एकच सांगितलं. दिवसभर काय मोजायचं ते मोजा ताई, पन चारच्या आत हालातून निघजा अन् दार लावजा. काहून म्हणून विचारलं तर म्हणे, चार वाजता डाकेची मोटर यायची. मी म्हटलं, आता कुठं येते? तर म्हणे, मोटर नाई येत, बाकीचे येतात. आणि सायकलवर टांग टाकून गेला.

घ्या! प्रत्येक जुन्या इमारतीला एक तरी भूत असतंच. नसलं तर मलाच फसवल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी बाबांना फोन केला. पोस्टाची इमारत म्हटल्यावर आसेगावात बसल्या बसल्या त्यांचा आवाज तरुण झाला. तेहतीस वर्षं पोस्टमन होते ते. खिडकीची जाळी पितळी आहे का, एवढंच तीनदा विचारलं. आहे बाबा, पितळीच आहे.

११ मार्च, मंगळवार

आज हॉल मोजला. छत सागवानी, काउंटर सागवानी, त्याच्या मागे पत्रं वाटून ठेवायचं उभं कपाट, तेही सागवानी, खणाखणांचं. आजकाल असं लाकूड पाहायला मिळत नाही, मी चक्क गाल टेकवून आले. खिडकीच्या उंबऱ्यावर शंभर वर्षांच्या कोपरांनी खळगा पाडलाय. त्याचे नऊ फोटो काढले. गंमत म्हणजे सगळ्या हॉलमध्ये बोटभर धूळ आहे, पण त्या खळग्यात नाही. वाऱ्यानं उडत असेल.

बाबांना रोजचा वृत्तांत द्यायचा असा करार झालाय. आज त्यांनी कोपरा फाडलेल्या कार्डांचं सांगितलं. लहानपणी ऐकलं होतं, पण आज नीट ऐकलं. कार्डाचा कोपरा फाडलेला असला की मयताची बातमी. असं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून झालं की तिथंच फाडून टाकायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांना बाबाच वाचून दाखवत. मग त्यांनी स्वतःची एक रीत बसवली. सायकलची घंटी दोनदा वाजवायची, पायरीखाली उभं राहून पूर्ण नाव घ्यायचं आणि सांगायचं, बाई, बाहेर ये वं, पायरीवर बस अन् तांब्याभर पाणी आण. लोकांना वाटे, उन्हातून आलाय, तहान लागली असेल. पण बाबा ते पाणी प्यायचे नाहीत. कार्ड वाचून झालं की तोच तांब्या त्या बाईच्या हातात द्यायचे. पुढे पंचक्रोशीला कळून चुकलं. देवमन डाकवाल्यानं पाणी मागितलं की बाई माठाकडे जातानाच रडायला लागे. म्हणून मग खरी तहान लागली तरी बाबांनी कोणाच्या दारी पाणी मागितलं नाही. मे महिन्यात घसा कोरडा पडला तरी पुढची विहीर गाठायचे.

हे सगळं हसत सांगितलं त्यांनी, आणि मध्येच धाप लागली. दिवाळीत छातीत कळ आली होती, तेव्हापासून अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितलीय आणि हे महाशय टाळतात. मी बजावलं, सव्वीसला अहवाल देते आणि सत्तावीसला स्वतः तुम्हाला अकोल्याला नेते, दादालाही सांगून ठेवते. बरं म्हणाले. माझ्याशिवाय ते कोणाचं ऐकत नाहीत, दादाचं तर नाहीच.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. दुपारपासून पोरं गोवऱ्या गोळा करत रस्त्यावर धुडगूस घालत होती. पावणेचार झाले आणि सगळी पोरं एकदम गायब. चहाच्या टपरीवाल्यानं फळी ओढली. एक बाई डोक्यावर कडबा घेऊन येत होती, ती इमारत दिसताच बोळातून वळसा घालून गेली.

एकटी सीताबाई तेवढी आली. समोरच्या घरात राहते, ऐंशीची असेल. प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन निंबाखाली बसली आणि आमच्या व्हरांड्याकडं पाहत राहिली. मी मुद्दाम हॉलमध्येच थांबले. किसनसिंगच्या मिशीला घाबरणारी मी नव्हे.

चार वाजता व्हरांड्यात पावलं वाजली. अनवाणी, हळू, पुष्कळ. बकऱ्या शिरल्या असाव्यात म्हणून हाकलायला बाहेर आले तर काहीच नाही. सीताबाई मात्र हातानं मला बाजूला हो म्हणत होती, का ते कळेना. पाचनंतर जाऊन विचारलं. तर रागावलीच माझ्यावर. मधात उभी राह्यली तू, म्हणे, दिसत नवतं मले. काय दिसत नव्हतं ते सांगितलं नाही. पोळी मात्र दिली खायला.

आत येऊन खिडकीच्या खळग्यावर हात ठेवला. ऊबदार होता. पश्चिमेचं ऊन येतं तिथं.

येतं का? उद्या पाहते.

१५ मार्च, शनिवार

ऊन नाही येत. खिडकी उत्तरेला आहे. स्वतःच नकाशा काढला आणि स्वतःलाच सुचलं नाही.

पण आजची खरी बातमी वेगळी. ते सागवानी कपाट बाहेरून बावीस इंच खोल, आतून चौदा. मधले आठ इंच गेले कुठं? मागची फळी ठोकून पाहिली, पोकळ. चार खिळे काढले तर मागे दुसरे खाने. अरुंद, उभे, सतरा. प्रत्येकात एक एक पोस्टकार्ड.

सतराही कार्डांचा कोपरा फाडलेला.

सगळी याच गावच्या पत्त्यावरची. सगळ्यात जुन्यावर शिक्का १९७६चा, शेवटच्यावर १९९१चा. एकही बटवड्याला गेलेलं नाही. सीताबाईच्या नावाचंही आहे. सुरतेहून कोणीतरी लिहिलंय, आपले चिरंजीव डिगांबर तापाने वारले, आम्ही येथेच सर्व केले. साल १९८६.

आधी आनंदच झाला. खोटं कशाला लिहू? असा ऐवज हाती लागला की अहवाल आपोआप उभा राहतो. मग ते कार्ड हातात धरून खिडकीतून समोरचं घर पाहिलं आणि लाज वाटली.

१६ मार्च, रविवार

किसनसिंगला बोलावून चहा पाजला आणि कार्डं पुढे ठेवली. त्यानं हात मागे घेतले. मग सगळं सांगितलं.

इथं रंगराव नावाचा पोस्टमास्तर होता. पहिलं कार्ड त्याच्याच पोराच्या मयताचं आलं, पत्ता त्याच्या बायकोच्या नावाचा. त्यानं ते तिला दिलं नाही, खान्यात दडवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता डाक फोडताना खिडकीवर रांग लागली, त्यात पोरगं उभं. आमचं काही हाय का, म्हणून विचारलं. रंगराव नाही म्हणाला. ते गेलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. बायको समोर उभी राहून रोज पाहायची. ही गोष्ट गावात फुटली तेव्हा बाया रंगरावकडं येऊन सांगून गेल्या, आमच्या माणसाचं असं कार्ड आलं तर आमाले देऊ नको भाऊ, ठेव तुझ्यापाशी. रंगरावनं दुसऱ्या कोणाचंही कार्ड सांगितल्याशिवाय अडवलं नाही, गावानंच अडवायला लावलं, असं किसनसिंग पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि म्हणून गावाला ही इमारत पडलेलीही नको आहे आणि कोणी तिला हात लावलेलाही नको.

मी बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरात वाढले. आधी तपास, मग मान, हे बाबांचं रोजचं वाक्य. एक हळवा पोस्टमास्तर, सतरा कार्डं आणि आसुसलेलं गाव, यात मला भूत दिसत नाही, दुःख दिसतं.

बाबांना विचारलं. इतके चिडले की मीच दचकले. डाक एक दिवसही अडवायची नसते, म्हणाले, माणूस आपला असो की परका. ज्याचं त्याच्या हातात गेलंच पाहिजे, उशिरा का होईना. तुझ्या हातात आलंय ना, मग आता बटवडा तुझा. इतकं बोलून त्यांना पुन्हा धाप लागली.

१८ मार्च, मंगळवार

दिलं. सीताबाईचं.

बाबांच्या रीतीनं दिलं, सकाळी दहाला. पायरीखाली उभी राहिले, पूर्ण नाव घेतलं, बाहेर या म्हटलं, पाणी मागितलं. ती तांब्या घेऊन आली तेव्हा पाणी हिंदकळत होतं. वाचून दाखवलं. ती रडली नाही. म्हणाली, मले माहीत होतं वं. पन तू काहून सांगितलं?

 कार्ड फाडून पायरीशी टाकलं.

चार वाजता ती स्टूल घेऊन आलीच. पाचपर्यंत बसली. मग स्टूल तिथंच टाकून घरात गेली आणि आता, दिवा लावायच्या वेळी, तिच्या घरातून आवाज येतोय. एकोणचाळीस वर्षांचं रडू आहे ते. मी कानात बोळे घातले तरी ऐकू येतंय. मी बरोबर केलं. बाबा म्हणाले म्हणजे बरोबरच केलं.

१९ मार्च, बुधवार

दूधवाल्यानं दूध दिलं नाही. टपरीवाल्यानं चहा दिला नाही. किसनसिंग आला, बसला नाही, उभ्या उभ्या बोलला. रंगरावनंही एकदा असंच केलं होतं. आठ वर्षांनी पोराचा चेहरा पार पुसला गेला, बायकोला ते पाहवेना, तिनं स्वतःच कार्ड मागून घेतलं. पोरगं यायचं थांबलं. तिसऱ्या दिवशी त्या खान्यात नवं कार्ड होतं, रंगरावच्या नावाचं, तिच्याच मयताचं. तेही रंगरावनं खान्यातच दडवलं. खाना रिकामा राहात नाई ताई, म्हणे. तुमी आजच्या आज घरी जा.

मी भांडले त्याच्याशी. वाट्टेल ते बोलले.

आणि चार वाजता जाळीतून पाहिलं.

आहेत. सोळा माणसं. व्हरांड्यात एकामागे एक, गुमान उभी. कोणी धोतरातलं, कोणी बेलबॉटम घातलेलं, एक लुगड्यातली बाई, एक शाळकरी मुलगी. चेहरे नाहीत. म्हणजे आहेत, पण पावसात भिजलेल्या पत्त्यासारखे, शाई पसरलेले. एक एक पुढे येतं, खळग्यात कोपर ठेवतं, आणि अगदी अदबीनं विचारतं, आमचं काही हाय का?

मी जमिनीवर बसले होते. तोंडात ओढणी कोंबली होती.

२१ मार्च, शुक्रवार

काल दिवसभर बॅग भरून बसले होते. निघाले नाही. स्वतःला सांगत होते की अहवाल अर्धा आहे.

आज सकाळी खाने मोजले. सतरा खाने, सतरा कार्डं.

डिगांबरच्या खान्यातलं नवं आहे. जुन्या धर्तीचं, पिवळट, पण नवं. शाईचा वास येतोय. कोपरा फाडलेला. पत्ता: कु. सपना देवमन तायडे, जुने डाकघर, मु. सावळदरी. शिक्क्यावरची तारीख २६ मार्च. आज एकवीस आहे.

अक्षर बाबांचं आहे. सगळ्या शब्दांवरून एकच लांब रेघ ओढायची त्यांची सवय. हे अक्षर मी झोपेतही ओळखेन.

उलटवलं नाही. उलटवणार नाही.

बाबांना फोन लावला. घाईत तीनदा चुकीचा नंबर लागला. उचलला त्यांनी! भाजी चिरत होते, मेथी. मी रडायला लागले तर हसले, काय झालं बेटा, भूत दिसलं का? म्हटलं, तब्येत कशी आहे? म्हणाले, ठणठणीत. जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, सीताबाईला दिलंस ना, शाब्बास, आता उरलेली पण देऊन टाक. एकही मागे ठेवू नको.

२२ मार्च, शनिवार

कार्ड जाळायला घेतलं. काडी पेटेना. आख्खी पेटी संपली.

मग बॅगेत घालून रिठदला गेले, म्हटलं बाबांकडेच जावं. स्टँडवर आसेगावला जाणारी मंगरूळकडची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि डोक्यात आलं की हे कार्ड घेऊन मी बाबांच्याच घरात पाय ठेवतेय. बटवडा करतेय मी. गाडी गेली. परत आले. कार्ड खान्यात ठेवून मागची फळी ठोकली, चार खिळ्यांच्या जागी अकरा.

रंगरावनं अडवलं म्हणून माणसं राहिली. काहीही असो, राहिली. मीही अडवीन.

२३ मार्च, रविवार

चार वाजता खिडकीवर उभी राहिले. पळून काय होणार? सोळांनी विचारलं. सोळांना नाही म्हणाले. नाही हो. आज काही नाही. एक जण उद्या येतो म्हणाला.

शाळकरी मुलीचा हात जाळीला लागला. पितळेवर ओल उमटली.

२४ मार्च, सोमवार

दादाचा फोन. बाबांना पहाटे अकोल्याला हलवलं. कळ आली. आयसीयूत आहेत. शुद्धीवर आहेत, मला विचारतात. लगेच निघ म्हणाला.

येते म्हणाले. आणि गेले नाही.

मी गेले तर इथं कोण थांबेल? फळी कोण धरेल? पण बाबा मला विचारतात. त्यांना कोण सांगणार की मी त्यांच्यासाठीच —

२५ मार्च, मंगळवार

दादा फोनवर ओरडला. कसली पोरगी आहेस, म्हणाला. दोन तासांची वाट. बाप दाराकडं डोळे लावून आहे आणि तुला दगड-विटांचं पडलंय. मग त्यालाच रडू आलं. फोन बाबांच्या कानाशी नेला. बाबांना नीट बोलता येत नव्हतं. काम झालं का, एवढंच विचारलं. सगळी दिलीस का? मी हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांशी खोटं बोलले.

अहवाल पूर्ण केला. वास्तुमूल्य, कारागिरी, कालखंड, सगळे रकाने भरले. सामाजिक मूल्य या रकान्यात लिहिलं: या गावानं आपली मेलेली माणसं इथं ठेवली आहेत. ही इमारत पाडू नये. हिला कोणी हात लावू नये. कोणत्याही परिस्थितीत.

पाठवला.

सीताबाई पायरीशी येऊन गेली. आत आली नाही. म्हणाली, मी एकोणचाळीस वर्स पाह्यलं पोरी, पयले डोळे गेले त्याचे, मंग तोंड. शेवटी सदऱ्यावरून वळखत होती मी. तू नको करू असं. जा बापापाशी.

दार लावून घेतलं.

२६ मार्च, बुधवार

सकाळ. फोन वाजतोय. दादा. नऊ वेळा. उचलला नाही. उचलला की बातमी हातात पडणार. नाही उचलला तर काही झालेलंच नाही.

अकरा. मेसेज आला आहे. उघडला नाही. फोन नेऊन भिंतीतल्या पत्रपेटीत टाकला. आत वाजतोय. चिमण्या उडाल्या.

दोन. अजून वाजतोय. फळीचे खिळे तपासले. अकरा. सगळे जागेवर.

तीन. फोन थांबला. बॅटरी संपली असेल. असंच असेल.

पावणेचार. राहवलं नाही, फळी काढून पाहिलं. कार्ड आहे. खान्यातून काढून काउंटरवर माझ्या पंज्याखाली दाबून ठेवलंय. एका हातानं लिहितेय. रांगेत बाबा आले तर त्यांनाही नाही म्हणायचं. रोज म्हणायचं. म्हणता येईल मला. म्हणता —

चार. आले. मोजले. सोळा. परत मोजले. सोळाच! खाकी कोणी नाही. बाबा नाहीत रांगेत! म्हणजे आहेत — अकोल्यात, खाटेवर — माय वं, जमलं, मला जमलं —

कोणी पुढे येत नाही. कोणी विचारत नाही. सगळे वळलेत. पायरीकडं.

घंटी. सायकलची.

दोनदा.

हाताखाली कार्ड नाही. आत्ता होतं. आत्ता — काउंटर रिकामा —

पायरीखाली उभे आहेत. खाकी, खांद्याला झोळी. आत येत नाहीत. चेहरा आहे. सगळा आहे, डोळे, कपाळावरची खूण, सगळं. हातात कार्ड. रांगेनं वाट करून दिली त्यांना.

माझं नाव घेतलं. पूर्ण. स्वतःच्या नावासकट. ओळखीचं हसले नाहीत. बटवड्याला आलेले आहेत.

बाई, बाहेर ये वं, म्हणतात. पायरीवर बस.

नाही गेले तर असेच उभे राहतील. उद्या. परवा. ऊन. आधी डोळे जातील, मग —

पुन्हा हाक. घाई नाही आवाजात. कधीच नव्हती.

पाणी मागतात. तांब्याभर.

माठापाशी आले. तांब्या भरत नाही, सांडतंय सगळं, वही भिजली — आले बाबा — थांबा, आले — पाणी घेऊन